सबनीसांचा दोर

टेक्सासमधल्या शुगर लँडला चढ नाही. गावातली सगळ्यात उंच जागा म्हणजे फ्रीवेचा उड्डाणपूल, आणि त्यावर पायी जायला बंदी. जमीन इतकी सपाट की पावसाचं पाणीसुद्धा कुठे जावं या विचारात तासन् तास उभं राहतं. अशा गावात एक माणूस स्वतःला गिर्यारोहक म्हणवून घेत होता, आणि आम्ही सगळे ते ऐकून घेत होतो. अरविंद सबनीस त्यांचं नाव.

मी फार्मसीत काम करते. काउंटरच्या अलीकडे वर्षानुवर्षं उभं राहिलं की माणसं दोन प्रकारची दिसायला लागतात. एक, आपल्याला काय होतंय ते सांगणारी. दुसरी, आपल्याला काय होत नाहीये ते सांगणारी. सबनीस दुसऱ्या प्रकारातले. त्यांना कधी दम लागला नाही. हवा जड असायची. ते कधी थकले नाहीत. ते 'बॉडीचं ऐकायचे'. रस्ता चुकले तर 'रूट रिव्हाइज केला' म्हणायचे.

माझा नवरा शेखर आणि सबनीस एकाच तेल कंपनीत. दोघांची क्युबिकल्स शेजारी शेजारी. सबनीसांचं काम विहिरींमधल्या दाबाची गणितं करण्याचं, आणि ते त्यात हुशार होते असं शेखर म्हणतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. दिसायला बेताच्या उंचीचे, पोट थोडं पुढे, मिशी कातरलेली. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला झब्ब्यावर गिर्यारोहणाचं जाकीट घालून यायचे. टेक्सासच्या सप्टेंबरमध्ये. पट्ट्याला दोर अडकवायची लोखंडी कडी लटकलेली, आणि तिच्यात गाडीच्या किल्ल्या.

दोन हजार एक साली कंपनीने त्यांना कामासाठी किटोला पाठवलं. इक्वेडोरची ही राजधानी आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा हजारभर मीटर उंचावर वसलेली आहे, आणि तिच्या आजूबाजूला ज्वालामुखी असे उभे आहेत जसे आमच्याकडे पेट्रोल पंप. शनिवार-रविवारी कुणीतरी त्यांना कोटोपाक्सीला नेलं. हा त्यातला सगळ्यात देखणा, बर्फाचा सुळका. तिथून ते एक फोटो घेऊन आले: हातात बर्फाची कुऱ्हाड, डोळ्यांवर काळा चष्मा, मागे पांढरंशुभ्र काहीतरी. तो फोटो पाहून प्रत्येकाला वाटलं की हे शिखर. सबनीसांनी कुणालाही तसं सांगितलं नाही. तसं नाही हेही सांगितलं नाही.

तेव्हापासून दर गणपतीत स्लाइड शो. आरती, प्रसाद, मुलांचे नाच, आणि मग 'ज्वालामुखींच्या सहवासात'. त्यांची ठरलेली वाक्यं आम्हाला पाठ झाली होती. "शिखर हे पायांनी नाही, डोक्याने चढायचं असतं." "डोंगर माणसाचा माज उतरवतो." हे दुसरं वाक्य म्हणताना ते हनुवटी किंचित वर करायचे.

एकदा कुलकर्ण्यांच्या धाकट्याने हात वर केला. "काका, डिड यू सी द लाव्हा?"

"बर्फ होता रे बाळा. झाकलेला असतो क्रेटर."

"बट डिड यू गेट टु द टॉप?"

"टॉप इज नॉट इम्पॉर्टंट, बेटा. द जर्नी—"

"सो, नो?" पोरगं म्हणालं. त्याच्या आईने त्याला खाली बसवलं. मला त्या पोराला दोन मोदक जास्त द्यावेसे वाटले, आणि मी दिले.

एक गोष्ट मान्य करते. त्यांना गाठी उत्तम यायच्या. डोळे मिटून मारायचे. एका वर्षी मखर बांधायचं काम त्यांनी अंगावर घेतलं आणि सगळ्या बांबूंना गिर्यारोहणाच्या गाठी मारल्या. विसर्जनाच्या दिवशी मखर सुटेना. सबनीस गाठीचं नाव सांगत उभे होते आणि चार इंजिनिअर नखांनी दोऱ्या उकलत होते. शेवटी मी स्वयंपाकघरातून सुरी आणली.

नीलिमा ही त्यांची बायको. एका शाळेच्या ऑफिसात काम करायची, दिवसभर मेक्सिकन आयांशी बोलून बोलून तिचं स्पॅनिश फार चांगलं झालं होतं. बोलायला कमी. सबनीस बोलत असताना तर बोलायचीच नाही, म्हणजे एकूण फारच कमी. ती नाशिकची, आणि मुलगी असताना वडिलांबरोबर आसपासचे सगळे किल्ले चढलेली. हे मला तिच्याकडून समजायला पाच वर्षं लागली. सबनीसांनी पुण्यात असताना सिंहगड चढल्याचं मला पहिल्या पाच मिनिटांत समजलं होतं.

सपाट गावात डोंगराचा सराव कुठे करायचा? सबनीसांनी उत्तर शोधलं: कंपनीचं पार्किंग गराज. सात मजले, रविवारी सगळं रिकामं. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं होतं आणि गराजमध्ये सावली होती, म्हणून मीही जायचे. तिथे जे दृश्य दिसायचं ते असं. नीलिमा जिन्याने वर चाललीय, पाठीवर सॅक, सॅकमध्ये बासमतीची अख्खी गोणी. आणि सबनीस लिफ्टने तिच्या आधी वर पोचून स्टॉपवॉच धरून उभे.

"नाकाने! नाकाने घे श्वास, नीलिमा! तोंड बंद!"

"तुमची सॅक कुठेय?" मी एकदा विचारलं.

"वहिनी, पाठ डोंगरासाठी राखून ठेवायची असते."

ती गोणी मग घरी जायची आणि त्याच तांदळाचा भात व्हायचा. त्यांच्याकडे जेवताना मला नेहमी वाटायचं, हा भात माझ्यापेक्षा जास्त चढलेला आहे.

पण या सगळ्या खटाटोपातून एक खरी गोष्ट घडत होती, आणि ती सबनीसांच्या लक्षात आली नव्हती. नीलिमाला ते आवडायला लागलं होतं. एका रविवारी खाली उतरताना ती मला म्हणाली, "मंजूषा, मला ना एकदा त्या क्रेटरच्या कडेला उभं राहून आत बघायचंय. बस. एकदा." इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं ते हे पहिलंच.

दोन हजार पाचच्या ख्रिसमसच्या सुट्टीत आम्ही चौघं किटोला गेलो. किटो सुंदर आहे. पांढरी चर्चेस, उभ्या चढाच्या गल्ल्या, सकाळी ऊन आणि दुपारी न चुकता ढग. मला तिथे पहिले दोन दिवस डोकं दुखलं, मी गोळी घेतली, डोकं दुखायचं थांबलं. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून एक साधी गोळी असते. मी चौघांपुरती आणली होती. शेखरने घेतली, नीलिमाने घेतली.

"मी नाही," सबनीस म्हणाले. "गोळी घेऊन चढणं म्हणजे चीटिंग. मावळ्यांनी घेतल्या होत्या गोळ्या?"

"मावळे इतक्या उंच गेलेच नव्हते," मी म्हटलं.

"वहिनी, तुम्ही काउंटरवरून बघता. मी डोंगरावरून बघतो."

शहराला लागूनच पिचिंचा नावाचा ज्वालामुखी आहे. केबल कारने बऱ्याच उंचीपर्यंत जाता येतं आणि तिथून वर गवताळ वाट. सरावासाठी तिथे गेलो. नीलिमा निघाली ती सरळ चालत सुटली, शाळेची बस पकडायची असल्यासारखी. मागून हाक आली, "नीलिमा! लीडरच्या पुढे जायचं नसतं!" ती थांबली. लीडरांना तिच्यापर्यंत यायला बराच वेळ लागला. आल्यावर म्हणाले, "पेस. पेस सांभाळायला शीक." ती हो म्हणाली. शेखर माझ्या कानात म्हणाला, "यार, हा माणूस जांभळा दिसतोय." खरंच दिसत होते.

मग कोटोपाक्सी. डोंगराच्या अंगावर, बर्फ सुरू होतो त्याच्या खाली, एक दगडी निवारा आहे. तिथे संध्याकाळी मुक्काम, आणि पहाटेच्या कितीतरी आधी वर निघायचं, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो. आमच्या चौघांत चढणार तिघं. मी खाली थांबणार हे मी शुगर लँडमध्येच जाहीर केलं होतं. दोन वाटाडे ठरवले होते. एक मार्को, आणि दुसरी लुसिया नावाची ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. पद्धत अशी: वाटाड्या आणि त्याची एक-दोन माणसं एका दोराला बांधलेली. कुणी घसरलं तर बाकीचे धरतात. आणि एक जण परत फिरला तर तो अख्खा दोर परत फिरतो. हा नियम आहे, आणि त्यात वशिला चालत नाही.

संध्याकाळी शेखरने बाजारातल्या खाण्याचे परिणाम भोगायला सुरुवात केली आणि तो बाद झाला. म्हणजे दोन माणसं, दोन वाटाडे. लुसिया बटाट्याचं सूप ढवळत नीलिमाशी स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलली. नीलिमाचा चेहरा एकदम उजळला.

"काय म्हणतेय ती?" सबनीसांनी विचारलं.

"म्हणतेय, आता दोन दोर करता येतील. तुम्ही मार्कोबरोबर, मी तिच्याबरोबर. म्हणजे ज्याला जसं जमेल—"

"हॅ! नवरा-बायको एका दोरावर. तुझी जबाबदारी माझ्यावर आहे. सुरगाण्याच्या सहलीला नाही आलोय आपण."

"पण अहो, एकाला फिरावं लागलं तर दुसऱ्याला—"

"तुला फिरावं लागलं तर मी फिरेन ना तुझ्याबरोबर! माझी तयारी आहे त्यागाची."

लुसियाने नीलिमाकडे पाहिलं. नीलिमाने सूपाकडे पाहिलं. मी म्हटलं, "अरविंदराव, ती एवढं म्हणतेय तर—" पण सबनीसांचं लक्ष तोवर दुसरीकडे गेलं होतं. त्यांना सूप नको होतं, त्यात काय असेल कोण जाणे. लुसियाने बटाटा, दूध आणि चीज दाखवलं तरी नको. त्यांनी पिशवीतून तांदूळ आणि मेतकूट काढलं आणि स्टोव्हवर भांडं ठेवलं.

आता मी आधी सांगितलं ते आठवा: हा माणूस पोटापाण्यासाठी दाबाची गणितं करतो. उंचावर हवेचा दाब कमी, पाणी लवकर उकळतं आणि पुरेसं तापतच नाही. तिथे उघड्या भांड्यात तांदूळ शिजत नाही. सहावीच्या पुस्तकात आहे. भांडं खदखदत होतं, सबनीस खूश होते. "बघा, किती फटकन उकळी आली!" मग तो भात त्यांनी खाल्ला. दातांखाली कुरकुर वाजत होता, मला बाकाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होतं. नीलिमाने दोन वाट्या सूप घेतलं.

उजाडलं तेव्हा मी दाराशी चहा घेऊन उभी होते. इतके दोर वर गेले होते. सगळ्यात आधी परत आला तो आमचा; एकच दोर झाल्यामुळे लुसिया खालीच राहिली होती. मार्को पुढे, मध्ये सबनीस पोट धरून, मागे नीलिमा. सबनीस सरळ आत गेले आणि आडवे झाले. बर्फाचा पहिला मोठा चढ लागला तिथेच ते बसले होते, मार्कोने सांगितलं. नीलिमा आत आली नाही. कंबरेचा दोर सोडून ती निवाऱ्याच्या भिंतीशी उभी राहिली आणि वर बघत राहिली. वर पांढऱ्या उतारावर काळे ठिपके सावकाश चढत होते. मी तिच्या हातात चहा दिला.

"मला अजिबात दम लागला नव्हता गं," ती म्हणाली. तक्रार नव्हती, आश्चर्य होतं. "अजिबात नाही."

पुढच्या गणपतीत पुन्हा हॉल भरला. मी आणि नीलिमा आत खिचडीचं बघत होतो. स्वयंपाकघराला हॉलकडे उघडणारी एक खिडकी आहे, तिथून सगळं ऐकू येतं. पडद्यावर कोटोपाक्सी आला. सबनीसांचा आवाज हळवा झाला.

"शिखर समोर दिसत होतं. पण नीलिमाला हाइट लागली. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि मार्कोला म्हटलं, चल खाली. मित्रहो, बायकोपेक्षा कुठलंही शिखर मोठं नसतं."

टाळ्या. पहिल्या रांगेतल्या देशपांडे काकूंनी पदर डोळ्यांना लावला. माझ्या हातातला झारा थांबला.

"मी जाऊन सांगते," मी म्हटलं.

"थांब," नीलिमा म्हणाली. "टाळ्या होऊ देत."

टाळ्या झाल्या. तिने हात पुसले, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि शाळेच्या ऑफिसात मुलांची नावं पुकारतात तशा आवाजात म्हणाली, "मी या डिसेंबरात परत जातेय. वेगळ्या दोरावर. आणि खिचडी तयार आहे, या."

मग सबनीस मोठ्याने हसले. "बघा! जिद्द कुणी लावली?" आणि पुढची स्लाइड.

डिसेंबरात ती गेली. मला बरोबर ये म्हणाली, मी गेले. सबनीसही आले, 'बाईमाणसाला एकटं कसं सोडणार', आणि मी बहुधा त्यांच्या हिशेबात धरलेली नव्हते. या वेळी ते चढणार नव्हते. गुडघा. त्यांनी स्वतःला बेस मॅनेजर नेमलं होतं. बेस मॅनेजर म्हणजे निवाऱ्यात बसून बॅगा सांभाळणे. गेल्या दोन-तीन ट्रिपांत, नायगाऱ्यापासून ग्रँड कॅन्यनपर्यंत, हे काम नीलिमा करायची आणि तेव्हा त्याला काही नाव नव्हतं. आणखी एक. या वेळी सबनीस बॅगेत छोटा कुकर घेऊन आले होते. "गेल्या वेळी एक टेक्निकल इश्यू होता, तो सॉल्व्ह केलाय," असं मला म्हणाले, जणू विज्ञानात भर घातली.

मध्यरात्री निघताना लुसियाने नीलिमाच्या कंबरेची गाठ तपासली. सबनीस पुढे झाले. "थांब, मी बांधतो. अशी नाही, मी शिकवलीय तशी." लुसियाने त्यांचा हात शांतपणे बाजूला केला. नीलिमाने सॅक पाठीवर चढवली. त्या दोघी गेल्या.

सकाळी मी उठून बाहेर आले तेव्हा सबनीस आधीच उभे होते. जाकीट, काळा चष्मा कपाळावर, डोळ्यांना दुर्बीण. आतमध्ये स्टोव्हवर कुकर लावलेला. वरचा उतार उन्हात लखलखत होता, आणि आमच्यापासून थोडं वर, वाटेवर, ढगाचा एक जाड पट्टा पसरलेला.

"दिसली!" ते म्हणाले. "उजवीकडचा दोर. दोघंच. उतरतायत. म्हणजे झालं, वहिनी, झालं! बघा, पाऊल कसं टाकतेय. टाच आधी. गराजमध्ये घोटून घेतलंय मी हे तिच्याकडून."

निवाऱ्याच्या मागच्या दारातून कुणीतरी आत आल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं. नीलिमा होती. ढगातूनच उतरून मागच्या बाजूने आली होती. चेहरा भाजलेला, ओठ फुटलेले, पापण्यांवर पाणी. लुसिया मागे बुटांना बांधलेले बर्फाचे खिळे सोडत होती. मी तोंड उघडलं, तर नीलिमाने ओठांवर बोट ठेवलं.

मी आत तिच्यापाशी गेले. "पोचलीस?"

"वर वास येतो गं," ती म्हणाली. "गंधकाचा. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत येतो ना, तसा. आतून वाफ येते आणि वास येतो."

इतक्या वर्षांच्या स्लाइड शोंमध्ये सबनीसांनी कधी कुठल्या वासाचा उल्लेख केला नव्हता.

कुकरची शिट्टी झाली. कोपऱ्यातले दोन परदेशी गिर्यारोहक दचकून उभे राहिले. सबनीस वळले नाहीत. मी गॅस बंद केला, वाफ जिरू दिली, झाकण काढलं. भात उत्तम झाला होता, मोकळा, मऊ. हे त्या माणसाचं श्रेय, नाकारत नाही. नीलिमाने वर मेतकूट भुरभुरलं, लुसियालाही एक वाटी दिली, आणि आम्ही तिघी बाकावर बसून खाऊ लागलो.

उघड्या दारातून सबनीसांची पाठ दिसत होती. ते वर उतारावर डोळे लावून उभे होते, आणि त्या दोन अनोळखी ठिपक्यांना मोठ्याने सांगत होते, "नाकाने! नाकाने घे श्वास!"